१५ हजारांत मूळ चित्र कसं निवडावं: साताऱ्यातल्या प्रदर्शनाला निघण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्यात तीन दिवसांचं चित्रविक्रीचं प्रदर्शन भरतंय, चित्रकार स्वतः स्टॉलवर असणार, किमती २ हजारांपासून ५० हजारांपर्यंत. हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावायला एक मूळ चित्र हवंय, हाताशी १५ हजार आहेत, चित्रातलं फारसं कळत नाही. फसायचं नाही, भाव कसा करायचा ते कळत नाही, आणि आपल्याकडच्या पावसात चित्र टिकेल का ही धास्ती आहे.

आधी पैशांची वाटणी करा. १५ हजार हातात आहेत म्हणजे चित्राला १५ हजार नाहीत. कागदावरचं चित्र घेतलंत तर माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कड), काच, फ्रेम, नेण्या-आणण्याचा खर्च आलाच. ३-४ हजार बाजूला काढून ठेवा आणि ११ हजारांचं गिऱ्हाईक म्हणून आत जा. बहुतेक जण इथेच चुकतात. सगळे पैसे चित्रात घालतात, मग फ्रेमवर काटकसर करतात आणि दोन पावसाळ्यांत चांगलं चित्र हातचं घालवतात.

दुसरी अडचण सोफ्याची. सहा फुटी सोफ्यावर त्याच्या दोन तृतीयांश रुंदीचं, म्हणजे जवळपास ४८ इंचांचं चित्र शोभतं, असा सजावटीतला ठोकताळा आहे. तो चूक नाही. पण ११ हजारांत ४८ इंचांचा कॅनव्हास मिळाला, तर कापड, चौकट, रंग आणि चित्रकाराचा वेळ यांपैकी कुठेतरी हात आखडलेला असतो. आकार कमी करा, दर्जा नको. १५ × २२ इंचांचं जलरंगातलं चित्र (मोठ्या २२ × ३० च्या कागदाचा अर्धा ताव) चारी बाजूंनी अडीच इंचांचा माउंट आणि दीड इंची पट्टीची फ्रेम घेऊन भिंतीवर २३ × ३० होतं. तेही सोफ्यावर लहान वाटलं, तर एकाच चित्रकाराची त्याच मापाची दोन चित्रं वर्षभराच्या अंतराने घ्या, किंवा पहिलं चित्र दाराशेजारच्या अरुंद भिंतीवर लावा. तिथे लहान चित्र जवळून बघितलंही जातं. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी वर्तमानपत्र २३ × ३० कापून चिकटपट्टीनं भिंतीवर लावा, तसंच राहू द्या, आणि भिंतीचा फोटो व माप फोनमध्ये घेऊन जा.

आता ‘मूळ’ या शब्दाकडे. प्रदर्शनात हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी कानावर पडेल. पहिला अर्थ, हाताने रंगवलेलं. दुसरा, त्याच चित्रकाराच्या कल्पनेतून आलेलं. तिसरा, जगात एकच असलेलं. धावणारे सात घोडे, डोळे मिटलेले बुद्ध, चाकूने थापलेल्या रंगातले राधाकृष्ण हे सगळं हाताने केलेलं असू शकतं, पण तेच चित्र शंभर दुकानांत असतं. ती हाताने केलेली नक्कल आहे. नक्कल म्हणून कमी पैशांत घ्यायला हरकत नाही, मूळ म्हणून घेऊ नका. संशय आला तर चित्राचा फोटो काढून फोनवर गूगल लेन्सने शोधा. तीच रचना दुसऱ्या नावाने सापडली तर स्टॉलवरच शांतपणे विचारा. स्वतःचं काम असलेला माणूस रेखाटनाची वही, चित्र अर्धवट असतानाचे फोटो, त्याच विषयाचे आधीचे प्रयत्न दाखवतो आणि आनंदाने दाखवतो.

याला एक सन्माननीय अपवाद आहे, मुद्राचित्रांचा. लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा), वुडकट (लाकडावर कोरलेला), एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेला), सेरिग्राफ (जाळीदार पडद्यातून छापलेला) यांच्या ठरावीक प्रती निघतात आणि त्यातली प्रत्येक प्रत मूळच मानली जाते, कारण ठसा किंवा पडदा कलाकारानेच केलेला असतो. खाली पेन्सिलने ७/२५ असं लिहिलेलं दिसेल: २५ प्रतींपैकी सातवी. एचिंगमध्ये तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्याची कड कागदात दबून आयताकृती खोलगट खूण उठते, ती बोटाने नाही, तिरक्या उजेडात पाहा. तुमच्या बजेटात नामवंत हाताचं काम मिळण्याची सर्वांत मोठी शक्यता मुद्राचित्रांत आहे, आणि आपल्याकडे गिऱ्हाईक त्या स्टॉलवरून सरळ पुढे जातं. तिथे थांबा. मात्र फोटोशॉपमधून कॅनव्हासवर मारलेली प्रिंट आणि त्यावर २/५० असा आकडा, ही वस्तू वेगळी. ती प्रतिकृती आहे, आकड्याने मुद्राचित्र होत नाही.

प्रिंट ओळखण्यासाठी दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग खिशात ठेवा, नाहीतर फोनचा कॅमेरा झूम करा. ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नियमित फुलं दिसतात, इंकजेटमध्ये बारीक शिंतडे. कॅनव्हास प्रिंटवर वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारून ब्रशकामाचा भास करतात. तो पकडायला फोनचा टॉर्च चित्राच्या कडेला, भिंतीला समांतर धरा. खऱ्या चित्रात रंगाचा उंचवटा जिथे संपतो तिथेच रंगही बदलतो. जेलच्या कामात फटकारा एकीकडे जातो आणि झाडाची कड दुसरीकडे.

आता एक चित्र जवळून बघू. साताऱ्याच्या प्रदर्शनात वाईचे घाट आणि मेणवली असणारच, कृष्णाकाठावर बसून रंगवणाऱ्यांची इकडे जुनी परंपरा आहे. समजा समोर मेणवलीच्या घाटाचं जलरंगातलं चित्र आहे. आधी पायऱ्यांवरचा उजेड बघा. चांगल्या जलरंगात हा उजेड म्हणजे न रंगवलेला कोरा कागद असतो, पांढरा रंग वरून थापलेला नसतो. चित्रकाराला तो आधीच ठरवून राखावा लागतो, नंतर परत मिळत नाही. मग सावली बघा: काळ्या दगडाची सावली नुसती काळी आहे, की तिच्यात निळा आणि तपकिरी वेगवेगळे होऊन कागदाच्या खळग्यांत बसलेत? अल्ट्रामरीन निळ्याचे कण असे खाली बसतात आणि दगडाला खडबडीतपणा येतो. प्रिंटमध्ये हे कण खळग्यांत नसतात, सगळीकडे सारखे असतात. रंगाच्या ओघळाची कड सुकताना किंचित गडद होते, तीही शोधा. पाण्यातलं प्रतिबिंब एका दमात ओढलंय की पाच वेळा घासून मळलंय? घासलेल्या ठिकाणी कागदाचा पापुद्रा उठून लव आल्यासारखी दिसते. शेवटी सावल्यांच्या दिशा जुळवा. मंदिराची सावली उजवीकडे आणि झाडाची डावीकडे, असं असेल तर दोन फोटो जोडून केलेलं काम आहे. तेवढ्याने चित्र वाईट ठरत नाही, पण ‘जागेवर बसून केलंय’ हा दावा खोटा ठरतो.

मग कागद विचारा. “कागद कुठला, किती जीएसएमचा?” (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन.) ३०० जीएसएमचा, सुती, आम्लरहित कागद असं उत्तर आलं तर उत्तम. साध्या ड्रॉइंग पेपरवरचं चित्र लाकडाच्या लगद्यामुळे काही वर्षांत पिवळं पडतं. रंगांबद्दल एवढंच विचारा की आर्टिस्ट दर्जाचे आहेत की विद्यार्थ्यांचे, आणि झगझगीत गुलाबी-जांभळा दिसला तर रंगाचं नाव विचारा. ऑपेरा रोज उजेडात लवकर उडतो, जुन्या पद्धतीचा ॲलिझरिन क्रिमझन हा गडद लालही फिका पडतो. संध्याकाळच्या आकाशाचं सगळं सौंदर्य ऑपेरा रोजवर उभं असेल, तर ते आकाश काही वर्षांनी फिकं पडलेलं बघावं लागेल.

कॅनव्हास मात्र मागून तपासायचा. परवानगी मागा, चित्रकाराला स्वतःच उलटा करायला सांगा. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर अस्तर (रंगाखालचा लेप) नीट लागलेलं नाही. चौकटीची आतली कड तासून उतरती केलेली हवी, नाहीतर लाकडाची रेघ पुढे उमटते. ३० इंचांपेक्षा मोठ्या चौकटीला मधे आडवी पट्टी हवी. कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतील तर फार चांगलं, कारण पावसाळ्यानंतर कापड सैल पडलं की त्या हलकेच ठोकून ताण आणता येतो. लाकडाला बारीक भोकं आणि खाली भुगा म्हणजे भुंगा लागलेला, ते चित्र घरात आणूच नका. तैलरंग असेल तर कधी पूर्ण केलं ते विचारा. वरून कोरडा झालेला जाड थर आतून महिनोन्‌महिने ओला असतो, आणि वार्निश साधारण सहा ते बारा महिन्यांनीच लावायचं असतं. मागच्या आठवड्यात रंगवलेल्या जाड तैलचित्रावर चकचकीत वार्निश दिसलं तर पुढे भेगा येण्याची भीती आहे. ॲक्रिलिक काही तासांत सुकतं, प्रदर्शनासाठी घाईत केलेली कामं बरीचशी त्यातली असतात.

भावाचं गणित गूढ नाही. बहुतेक चित्रकार मापावर किंमत लावतात. समजा दर चौरस इंचाला ४० रुपये आहे. १२ × १६ चे १९२ चौरस इंच, म्हणजे ७,६८० रुपये. २४ × ३६ चे ८६४ चौरस इंच, ३४,५६० रुपये. काही जण लांबी अधिक रुंदीला दर लावतात: २७५ धरला तर लहान चित्र ७,७०० ला जातं आणि मोठं १६,५०० लाच. म्हणजे लहान चित्राची किंमत दोन्हीकडे सारखी असून मोठ्याची दुप्पट फरकाने वेगळी येऊ शकते. तुम्ही फक्त एक गोष्ट पडताळा: त्याच चित्रकाराची, त्याच माध्यमातली, त्याच मापाची चित्रं साधारण एकाच किमतीला आहेत का. एक ६ हजार आणि शेजारचं तसंच १४ हजार असेल तर कारण विचारा. किमतीची चिठ्ठीच नसलेल्या स्टॉलवर जरा जपून. १९९९ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘अफोर्डेबल आर्ट फेअर’ने प्रत्येक चित्राशेजारी किंमत उघड लिहायची शिस्त धरली, आणि नव्या गिऱ्हाइकाची भीड मोडायला तिच्याइतका सोपा उपाय नाही.

घासाघीस मंडईतल्यासारखी करू नका, पण विचारायला संकोच नको. तीन वाक्यं पुरेशी आहेत: “फ्रेमशिवाय कितीला पडेल?”, “दोन घेतली तर काही कमी होईल का?” आणि “निम्मे आज, निम्मे पुढच्या महिन्यात चालतील का?” पहिलं वाक्य सर्वांत उपयोगी, कारण प्रदर्शनासाठी बसवलेली फ्रेम बहुधा कामचलाऊ असते आणि ती वगळून किंमत खरोखर उतरते. गॅलरी साधारण ३० ते ५० टक्के कमिशन घेते. स्वतः स्टॉलवर बसलेल्या चित्रकाराने तेवढं धरून किंमत ठेवली असेल तर थोडी जागा असते. पण दोन-अडीच हजारांचं लहान चित्र आणखी पाचशेने खाली ओढणं बरं नाही. कागद, रंग, स्टॉलचं भाडं आणि गावाहून येण्या-जाण्याचा खर्च वजा केला तर त्याच्या हाती काय राहतं ते बघा.

शेवटच्या संध्याकाळी स्वस्त मिळतं, हा समज अर्धा खरा आहे. स्वस्त मिळतं, पण चांगलं उरलेलं नसतं. पहिल्या दिवशी सकाळी जा. पहिली फेरी चाळीस मिनिटांत, हात मागे बांधून, काहीही न विचारता. चहा घ्या. मग डोळ्यांसमोर आपोआप येणाऱ्या तीन-चार चित्रांकडेच परत जा आणि तेव्हा प्रश्न विचारा. स्टॉलवरचे पिवळे फोकस उबदार रंगांना खुलवतात, म्हणून ठरवण्याआधी चित्र दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघू द्या अशी विनंती करा. चित्राच्या चिठ्ठीवर लाल टिकली म्हणजे विकलं गेलंय. मन डळमळत असेल तर “दुपारपर्यंत राखून ठेवाल का?” असं विचारता येतं, पण दुपारी नको असेल तर नको म्हणायलाही जा. तोपर्यंत चित्रकाराने दुसरं गिऱ्हाईक परतवलेलं असतं.

नजर तयार व्हायला आठवडाभर आधी औंधला जाऊन या. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे जाता येतं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्मा, म. वि. धुरंधर या चित्रकारांची मूळ चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. छापील रविवर्मा लहानपणापासून कॅलेंडरवर पाहिलेला असतो. मूळ तैलचित्रासमोर उभं राहून साडीच्या जरीवर रंग किती जाड आणि गालावर किती पातळ आहे ते पाहिलं, की मूळ आणि छापील यातला फरक शब्दांशिवाय समजतो.

पैसे देताना बिल घ्या. त्यावर चित्रकाराचं नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, माप, वर्ष आणि ‘स्वतः केलेलं मूळ काम’ हे शब्द हवेत. सोबत चित्राच्या छोट्या फोटोसह सही केलेलं प्रमाणपत्र मिळालं तर छानच. हाताने केलेल्या चित्रांवर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पण वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या आणि राज्यातच विकणाऱ्या चित्रकाराला नोंदणी लागत नाही, तेव्हा साधं बिल दिलं म्हणून संशय घेऊ नका. आणि नोंदणी नसताना कुणी जीएसटी लावत असेल तर देऊ नका. चित्र तुमचं झालं तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. ते दुकानाच्या कॅलेंडरवर किंवा पत्रिकेवर छापायचं असेल तर लेखी परवानगी घ्या.

नेताना चित्राच्या पृष्ठभागावर बबल रॅप थेट नको. ॲक्रिलिकवर, विशेषतः उन्हात तापलेल्या गाडीत, त्या फुग्यांचे गोल कायमचे उठतात. आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या, आणि बबल रॅप सर्वांत बाहेर. काच असेल तर तिच्यावर मास्किंग टेपची फुली मारा, फुटली तरी तुकडे चित्रावर सांडत नाहीत. दुचाकीवर दोघांच्या मधे कॅनव्हास धरून नेऊ नका, वाऱ्याने तो शिडासारखा फुगतो आणि गुडघ्याचा दाब मागून बसतो. रिक्षा करा. कागदावरचं चित्र गुंडाळायचंच असेल तर निदान चार इंच व्यासाच्या नळीवर, आणि घरी पोचल्याबरोबर उलगडा.

फ्रेमवाल्याकडे मात्र स्वतः उभे राहा. चित्रांचं सर्वाधिक नुकसान तिथे होतं, आणि तेही चांगल्या हेतूने. चित्राला सुरकुती पडू नये म्हणून ते फेव्हिकॉलने प्लायवर चिकटवतात, फ्रेमच्या मापात बसावं म्हणून कड कापतात आणि त्यात कधी सही जाते, ‘टिकाऊ’ म्हणून लॅमिनेशनही सुचवतात. तिन्हीला स्पष्ट नकार द्या. चित्र वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी, पातळ मजबूत कागदाच्या बिजागरीने आणि गव्हाच्या खळीने टांगायचं, बाकी मोकळं. म्हणजे हवेतला दमटपणा वाढला-घटला तरी कागदाला हलता येतं. सेलोटेप नको, ती पिवळी पडून डाग देते. माउंट आम्लरहित मागा आणि मागे हार्डबोर्डच्या आधी एक आम्लरहित कागद घाला. काच आणि चित्र एकमेकांना टेकता कामा नये. माउंट त्यासाठीच असतो, शोभा ही नंतरची गोष्ट. सॉफ्ट पेस्टल किंवा कोळशाच्या चित्राला ॲक्रिलिकची पारदर्शक शीट लावू नका, स्थिर विजेने ती भुकटी ओढून घेते, तिथे काचच हवी. हिशोबासाठी: १५ × २२ च्या चित्राला अडीच इंची माउंट धरला तर आतलं माप २० × २७, परीघ ९४ इंच. दीड इंची पट्टीचे चार कोपरे ४५ अंशांत कापताना १२ इंच जातात. एकूण १०६ इंच, म्हणजे ९ फूट पट्टी. फ्रेमवाला १२ फूट लावत असेल तर विचारा.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवा. सोफ्यावर असेल तर पाठीच्या वर सहा ते आठ इंच सोडा. जोरदार पावसाची झड बसणारी भिंत, बहुधा पश्चिमेची, टाळा. तीच दुपारच्या उन्हाचीही असते. स्वयंपाकघर आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीही नकोत. जुन्या दगडी घरात भिंतीला ओल असतेच, म्हणून फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे किंवा रबराचे अर्धा इंची तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. काच पुसताना स्प्रे फडक्यावर मारा, काचेवर नाही. काचेवर मारला की तो खाली ओघळून माउंटमध्ये शिरतो. ॲक्रिलिकच्या उघड्या कॅनव्हासवरची धूळ मऊ कोरड्या ब्रशनेच काढा.

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये फ्रेम एकदा उतरवून मागची बाजू बघा. कागद फुगलेला दिसला, तपकिरी ठिपके आले किंवा कसर फिरल्याच्या खुणा दिसल्या, तर लगेच मागचा हार्डबोर्ड उघडून चित्र दोन-तीन दिवस सावलीत, पंख्यापासून दूर, सपाट ठेवा, आणि हार्डबोर्ड नवा घालूनच फ्रेम बंद करा. डांबरगोळ्या आत ठेवू नका.